गुडघेदुखीच्या गोळ्यांचं समान वाटप

तीर्थरूप भावोजींना, दोन्ही गुडघे जमिनीला टेकवून नमस्कार. (हे हल्ली जमतं. कसं जमतं, तोच या पत्राचा विषय आहे, आणि तो विषय तुमच्या लेकीपर्यंत जातो, तेव्हा चष्मा लावून, खुर्चीत नीट बसून वाचावं.) तुमचा रक्तदाब कसा आहे? ताईचा तुमच्यावरचा दाब पूर्ववत असेलच. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, निदान कमरेखाली तरी.

भाची रुग्णालयाच्या संशोधन विभागात गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी करते आहे, हे तुम्ही जाणताच. दुखरे गुडघे पुष्कळ, पण चाचणीसाठी द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा पोर हिरमुसून मामाकडे आली. ज्या मामाने काचकारखान्यात आयुष्यभर युनियन चालवली, भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून माणसं एकत्र केली, त्याला चार गुडघे गोळा करता येऊ नयेत? आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि राहणारे सगळे निवृत्त; प्रत्येक जिन्यावर कुणी ना कुणी कठडा धरून आईची आठवण काढत उभं असतं. मी तळमजल्याच्या खोलीत सभा घेतली. मानवजातीने विज्ञानासाठी काय काय सोसलं ते सांगितलं, पुढच्या पिढ्यांचे गुडघे डोळ्यांपुढे उभे केले. सगळ्यांनी नावं दिली. दोघांनी तर न दुखणारे गुडघेही देऊ केले.

इथपर्यंत मी निर्दोष आहे. पुढेही आहे, पण पुढे ते समजावून सांगावं लागतं.

डब्या वाटताना भाचीने सांगितलं की निम्म्या डब्यांत औषध आहे आणि निम्म्यांत नुसती साखर. गोळ्या दिसायला सारख्याच. कुणाला काय मिळालं हे घेणाऱ्याला ठाऊक नाही, तिलाही नाही, फक्त डब्या भरणाऱ्या कंपाउंडरला ठाऊक. दोन गट ताडून पाहिल्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही. (शास्त्र म्हणून मला हे मान्य आहे. मी यावर जाडजूड पुस्तकं वाचली आहेत. पण पुस्तकात पटणं निराळं आणि आपल्याच जिन्यात ते घडताना बघणं निराळं.)

आठवड्यात इमारत फुटली. समोरच्या टायपिस्टबाई एक दिवस न थांबता दुसऱ्या मजल्यावर पोचल्या, तर लोक त्यांच्याकडे लाच खाल्ल्यासारखं बघू लागले. वरचे हवालदार (निवृत्त, पण मिशी अजून नोकरीत आहे) सगळ्यांना अडवून सांगायचे, "माझ्या डबीत साखर पण नाही हो, खडू आहे. पाचवीपर्यंत खाल्लाय, चव ओळखतो." त्यावर बाई म्हणाल्या, "हवालदार, तुमच्या गुडघ्याला गोळी नको, वंगण हवं." दोघांचं बोलणं बंद झालं. जी माणसं एकमेकांच्या आजारपणात रात्र रात्र बसली होती, ती आता एकमेकांच्या चालीवर पाळत ठेवू लागली.

भावोजी, एकाच खात्यात एकाला चहा आणि दुसऱ्याला कोमट पाणी, हे मी मालकाला कधी करू दिलं नाही. मग भाचीला कसं करू देईन? मी पुन्हा सभा बोलावली. सव्वा तास बोललो. माझ्या आयुष्यातलं ते उत्तम भाषण होतं, असं हवालदारांनी बाईंना सांगितलं, म्हणजे बोलणंही सुरू झालं. ठराव एकमताने मंजूर झाला: सगळ्या डब्या एका पातेल्यात रिकाम्या करायच्या, गोळ्या डावाने नीट ढवळायच्या, आणि ठरलेल्या संख्येने रोज सकाळी सर्वांदेखत वाटायच्या. माझ्या घरात पातेलं ठेवायला दोघांचा विरोध होता (लोकशाही आहे), म्हणून ते गच्चीवरच्या कुलूपबंद खोलीत ठेवलं. भाचीला सांगितलं नाही, कारण कुणाला काय मिळतंय हे तिला कळता कामा नये, हा तिचाच नियम होता आणि आम्ही तो तिच्यापेक्षा कडक पाळला.

आणि गुण आला. सगळ्यांना आला. तो गोळीचा, साखरेचा की गोळीसाठी रोज चार मजले चढून गच्चीवर जाण्याचा, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

मग रक्ततपासणी झाली. प्रयोगशाळेत सगळे थक्क. औषधाचा अंश प्रत्येकाच्या रक्तात, साखरवाल्यांच्यासुद्धा, आणि जवळजवळ सारखाच. कारखान्यात जी समता मला कागदावरसुद्धा आणता आली नाही, ती इथे रक्तात उतरली होती, आणि मला ते कुणाला सांगता येत नव्हतं. विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी निष्कर्ष काढला की डब्या भरतानाच घोळ झाला. भरल्या कुणी? कंपाउंडरने. त्याला सोमवारी चौकशीला बोलावलंय, आणि नोकरी जाणार असं सगळे धरून चालले आहेत. भाची फोनवर म्हणाली, "मामा, चाचणी गेली ती गेली. पण तो माणूस डबी तीनदा तपासून देतो हो. त्याच्याकडून कसं झालं हे?"

मी म्हणालो, "बघू."

जन्मभर कामगारांसाठी बोललो आणि त्या क्षणी मला एवढंच बोलता आलं. तत्त्व म्हणून मी आजही म्हणतो की ठराव योग्य होता. पण एका कामगाराची भाकरी माझ्या पातेल्यात पडली आहे, आणि ती मलाच बाहेर काढली पाहिजे, हेही तितकंच योग्य आहे. ताईला नमस्कार. गुडघे दुखत असतील तर जिने चढावेत.

तुमचा मेहुणा

ता. क. – मूळ मुद्दा राहिला. भाचीला हे सगळं तुम्हीच सांगितलंत तर? बापाच्या तोंडून ऐकलं की राग जरा विभागला जातो.

ता. क. २ – वरचं रद्द समजावं. पाकीट चिकटवणार तेवढ्यात भाची स्वतःच आली. सांगितलं. तिने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "सोमवारी तुम्ही यायचं. सरांसमोर आणि त्याच्यासमोर बोलायचं. दोन वाक्यं. तिसरं बोललात तर मी तुमची भाची नाही."

म्हणून खरी विनंती अशी, भावोजी. तुम्ही सबंध संसार दोन-दोन वाक्यांत केलात. मला तेवढी दोन लिहून पाठवा. माझा प्रयत्न खाली देतो, तो तपासावा:

"गोळ्या मी मिसळायला लावल्या. या माणसाने डब्या बरोबर भरल्या होत्या."

ता. क. ३ – तिसरं वाक्य सुचलं आहे. फार चांगलं आहे. त्वरित उत्तर पाठवावं.