किन्हवलीवाल्या फायली

मंगळवार, दिवेलागणीला

जिंकले! टोकावड्यात, घरच्या ओट्यावर बसून, एकटीने!

शहापूरच्या दवाखान्याचे रिपोर्ट सकाळी मीच सर्व्हरवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवले. तेव्हापासून वेबसाइटवर एकही उघडेना. परवानग्या सगळ्या दिल्या, तरी कर्नल, म्हणजे सर्व्हरच्या सिस्टिमचा गाभा, अडवतोच. ठाण्याहून साहेबांचा फोन: "कर्नलचं ते सक्तीचं धोरण बंद कर ना, दोन मिनिटांचं काम." म्हणजे पेशंटांच्या रिपोर्टांवरचा पहाराच उठवायचा? "नाही करणार," मी म्हणाले.

तेवढ्यात सासूबाईंची हाक. "गो किन्हवलीवाले, चाय निवली!"

लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी मी इथे किन्हवलीवालीच. माहेरचं गाव चिकटलं ते चिकटलं. आणि मी ताडकन उठले. फाईलसुद्धा हलवली की जुन्या जागेचं लेबल घेऊनच येते! कर्नल ते लेबल बघतो, फाईल आता कुठे आहे ते नाही. मला हे माहीत होतं की! मग दुपारभर कुठे होती अक्कल?

एका आज्ञेत सगळ्या फायलींना नव्या जागेची लेबलं लावली. रिपोर्ट उघडले. पहारा चालूच. साहेबांनी नुसता अंगठा पाठवला. पाठवू देत.

गार चहा पीत सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या. "मंग तुला बी आता टोकावड्याची करू काय?"

"नाय आई," म्हटलं, "माझं लेबल राहू दे."