साखळीतली तुराटी

केदारखेडा, गुरुवार, १९७४

आज शाळेच्या खेळमंडळातल्या पोरांना साखळीचा खेळ लावला. ज्याला धरलं त्यानं हात धरून साखळीत यायचं; साखळी तुटली की डाव गेला. पोरांनी एकमेकांना सांभाळून घ्यावं, म्हणून तर हा खेळ. साखळी काही केल्या तुटेना. मी खूश! जवळ जाऊन बघतो तर पाटलाची सुनंदा आणि बौद्धवाड्यातली कमल, दोघींच्या हातांमधे वीतभर तुराटी, तुरीची वाळकी काडी. एकेक टोक धरून पळत होत्या. बाकीच्या पोरांना त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

डोकंच फिरलं. सुनंदावर ओरडलो, "फेक ती काडी!"

कमलच मधे पडली. "गुरुजी, तिला नका बोलू. म्याच घरून आणली. तुराटी नसली तर मला खेळात घेत न्हाईत."

तुराटी हिसकावून खिशात घातली, खेळ मोडला. पण शिक्षा झाली कुणाला? कमललाच ना? उद्या तिला कोण घेईल?

आता ती तुराटी समोर आहे. हाताला टोचू नये म्हणून कमलनं सोलून गुळगुळीत केलीय. पण अर्धीच. सोललेलं टोक सुनंदाच्या हातात होतं.