नाना, एकट्याने घर कुठे करावं?

प्रिय नाना,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तू होतास तेव्हा फोन करायचो. पण फोनवर तू बोलायचास तरी काय? "जेवना का? बरा शेस ना? ठेव मंग." एवढं झालं की लाल बटण दाबून तू मोकळा! आता तुला ठेवता येणार नाही. आता शेवटपर्यंत ऐकावंच लागेल.

आज इकडे बाडमेरच्या पुढे धुळीची आंधी सुटली आहे. समोरचा विजेच्या तारांचा टॉवरसुद्धा दिसत नाही. अशा वाऱ्यात माणूस वर चढवत नाहीत, म्हणून सकाळपासून काम बंद. पोरं पत्र्याच्या खोलीत पत्ते कुटताहेत आणि मी कोपऱ्यात कागद घेऊन बसलोय. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं अक्षर आहे, समजून घे.

आत्ताच का लिहितोय, ते सांगतो. उद्या मला दादाला उत्तर द्यायचंय. डोंगराच्या पायथ्याचं तुझं वावर तू माझ्या नावावर करून गेलास. दादाने त्याला गिऱ्हाईक आणलंय. वावर विकायचं आणि धुळ्याला फ्लॅट घ्यायचा, असं त्याचं म्हणणं. दादा वाईट नाही, नाना. सख्खा भाऊ आहे, शिरपूरला दुकानात बसूनही त्याच्या डोक्यात मीच असतो. फोनवर म्हणाला, "तू तिशीला आला. आज या राज्यात, उद्या त्या राज्यात. वावरात राहणाऱ्याला पोरगी कोण देईल? आणि नाही मिळाली पोरगी, तर मग तू पण नानासारखाच..."

नानासारखाच. पुढचं तो बोलला नाही, पण मला ऐकू आलं.

तू असा का गेलास रे?

मागच्या खेपेला गावी आलो होतो तेव्हा दादाने तो फ्लॅट दाखवायला नेलं. सोनगीरचा किल्ला मागे पडला तेव्हा मी बसच्या काचेतून मागे वळून बघत राहिलो, तर दादा म्हणतो, "पुढे बघ, पुढे! मागे काय ठेवलंय?" फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. गॅलरी आहे, पण समोरच्या गॅलरीतल्या बाईने चहा ओतला तर आपण कप पुढे करावा इतकी जवळ. मी दलालाला विचारलं, "आभाळ कुठून दिसतं?" तो म्हणाला, "गच्चीवर जायचं ना भाऊ! फक्त चावी सेक्रेटरीकडे असते." दादाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गॅलरीतून आत आलो.

तू असतास तर? तू तर जिनाच चढला नसतास!

आई गेल्यावर मी तुझ्याकडेच जास्त राहिलो. लोकांना वाटायचं, हा चुलता बिनलग्नाचा, त्याला काय पोर सांभाळता येणार? पण तू मला सांभाळलं कुठे? तू मला नुसतं बाहेर सोडलंस. मोहाची फुलं वेचायला पहाटे तुझ्यामागून पळायचो. चारोळीच्या झाडावर चढायचो. ज्वारी राखायला माळ्यावर निजायचो, तेव्हा तू रानातला एकेक आवाज ओळखायला लावायचास आणि चुकलो की म्हणायचास, "शायमा हाईच शिकाडतस का?" शाळा सुटली ती तिथेच सुटली असेल, मास्तरांना उगाच बोल लावत होतो.

आज मी टॉवरच्या टोकावर कमरेला पट्टा बांधून बसतो तेव्हा बाकीची पोरं खाली बघून घाबरतात. मला खोलीत घाबरायला होतं. हे तू दिलेलं आहे. आता ते घेऊन मी राहू कुठे?

तू वर्षातून एकदा हमखास गावात यायचास, श्रावणात, कानबाई देवीच्या रोटाला, भाऊबंदांच्या जेवणाला. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू टाकताना बायका तुझीही मूठ टाकायच्या आणि तुला चिडवायच्या, "नाना, आते तरी लगीन करी टाका. जोडीनी मूठ कवय पडी?" तू डोक्यावरचा रुमाल सरळ करून म्हणायचास, "मन्हं लगीन डोंगरसंगे व्हयेल शे. सासरवाडी मोठी शे, पन मानपान काहीच नही!" सगळ्या हसायच्या. जेवण झालं की तू चपला घालायचास. कोणी राहा म्हटलं की तुझं ठरलेलं उत्तर, "घर निजापुरतं ऱ्हास. निजाले मन्हं शे."

त्याच घराच्या दारात तू पडलास. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल, लगेच गेले असतील. त्यांना कसं माहीत? ते काय तिथे होते? मी हे कोणाला विचारलं नाही. तुला विचारतो. लगेच गेलास ना, नाना?

मी पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं. इथून अहमदाबाद, तिथून सुरत, मग नरडाण्याला उतरलो, तर दादा स्टेशनवर मोटारसायकल घेऊन उभा. त्याने माझी पिशवी पुढे घेतली आणि निघालो. गावात जो तो बोलत होता. "एकटा माणूस रानात राहिला की असंच होतं." "माणसात राहायला काय झालं होतं?" मलाही ते पटलं. खरं सांगतो, पटलं. मला तुझा रागसुद्धा आला.

दहाव्याला खुमसिंगदादा आला. नाल्यापलीकडचा तुझा शेजारी, पण दोन घरांमध्ये दोन वावरं आणि एक नाला. तिकडे पावरा आदिवासींची घरं अशीच, ज्याच्या त्याच्या वावरात, लांब लांब. तो सगळ्यांपासून दूर, निंबाखाली उकिडवा बसला होता. मी जवळ गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाला,

"सकाय उठनूत का पह्यले नानाना धूर दखूत. धूर निंघना म्हंजे नाना उठना. मंग आम्ही कामले लागूत."

मला आधी कळेना. मग त्याने सावकाश सांगितलं. तुझी झोपडी वर, सागाच्या आड. त्याच्या अंगणातून ती दिसत नाही. दिसतो तो झाडांवर चढणारा चुलीचा धूर. बोलून काही ठरलं नव्हतं, पण तिकडे सगळे तेच करतात. उठलं की एकमेकांच्या धुराकडे बघायचं. नसला तर जाऊन बघायचं. आणि मग तुझा खोकला वाढला, दवाखान्यात सांगितलं की चुलीपुढे बसू नका, म्हणून तू गॅस आणलास. खुमसिंगदादाच्याच बैलगाडीतून! रस्ताभर तो तुला चिडवत होता, "नाना, आते तू शहरना माणूस व्हयना!"

"मंग धूर बंद व्हयना," तो म्हणाला. "आमले बी सवय पडी गयी. त्या दिनले बी धूर नव्हता. आमले काय मालूम, भाऊ?"

दुसऱ्या दिवशी तुझी शेळी ओरडायची थांबेना, तेव्हा त्याची बायको, रेलकीबाई, नाला ओलांडून वर गेली.

नाना, तुझ्या लक्षात कसं आलं नाही? रानातला एकेक आवाज ओळखणारा माणूस तू! गॅस घेतलास ते बरं केलंस, खोकला कमी झाला असेल. पण घेतल्यावर खुमसिंगदादाला एवढं म्हणायचंस, की बाबा, आता धूर नाही दिसणार, तर सकाळी हाक मारत जा. तू सांगितलं नाहीस, त्यानेही विचारलं नाही. सांगायचं असतं हे दोघांनाही सुचलं नाही, कारण आधी कधी सांगावं लागलंच नव्हतं.

त्या दिवसापासून तुझा राग गेला. पण भीती गेली नाही. म्हणून मी दादाच्या म्हणण्याकडे झुकत आलो होतो. आज बघू, उद्या बघू, पण मनात हो.

मग उन्हाळ्यात इथे काय झालं ते ऐक. तेव्हा आम्ही इथल्याच एका गावात भाड्याच्या खोल्यांमध्ये होतो. मोठी इमारत, खोलीला खोली लागून. बाकीची पोरं पुढच्या साइटवर गेली आणि मला ताप भरला. उठता येईना. भिंतीपलीकडचा टीव्ही ऐकू येत होता, वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली तरी कळत होतं. सगळीकडे माणसंच माणसं! पाणी संपलं तेव्हा मी हाक मारली. टीव्हीच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? शेवटी एकदाचं कोणीतरी दार वाजवलं. मला वाटलं, देव आला. कडी काढली तर समोर एक गृहस्थ, हातात किल्ली. म्हणाला, "भाई, तेरी गाडी आड़ी लगी है, हटा ले." माझं तोंड बघून मात्र घाबरला, त्यानेच मग दवाखान्यात नेलं. चांगला माणूस होता. त्याला माहीतच नव्हतं की आत कोणी आजारी आहे.

तिथे सलाईन लावून पडल्या पडल्या मला तुझा विचार आला. तू रानात एकटा आणि मी माणसांत एकटा, मग फरक काय? फरक हा की तुझ्याकडे कितीतरी वर्षं रोज सकाळी कोणीतरी बघत होतं. माझ्याकडे एक दिवससुद्धा नाही. दादा म्हणतो, माणसात राहा. माणसात म्हणजे कुठे रे? त्या गॅलरीत?

तरी माझं ठरत नव्हतं. तुझ्या झोपडीत जाऊन राहायचं म्हटलं की तो दरवाजा डोळ्यांपुढे यायचा.

काल मी खुमसिंगदादाच्या फोनवर फोन लावला. वावर विकतोय, हे त्याला परक्या माणसाकडून कळू नये एवढ्यासाठीच. उचलला रेलकीबाईने. मी आडवळणाने बोलायला लागलो, तर ती म्हणाली, "इकस का? इकी टाक. नवा मालक तार मारी, आमनी वाट बंद करी." मी म्हटलं, "काकी, मी तिथे येऊन राहिलो तर?" ती म्हणाली,

"येवानं शे ते ये. पन नानासारखा गप नको बसू."

आणि मग तिने मला ते सांगितलं, जे तू कधी सांगितलं नाहीस. एका थंडीत ती आणि खुमसिंगदादा दोघंही तापाने पडले होते. पोरं उसाच्या तोडीला गुजरातेत. चूल पेटली नाही. दिवस वर यायच्या आत तू नाला ओलांडून हजर! ज्वारीच्या कण्या शिजवल्यास, गुरांना पाणी दाखवलंस, आणि दोघं उठेपर्यंत त्यांच्या ओट्यावरच निजलास. घर निजापुरतं म्हणणारा तू, स्वतःच्या घरी निजायलाही गेला नाहीस!

हे का नाही सांगितलंस मला? मी मात्र इतके दिवस एकच विचार करत होतो, माझ्याकडे कोण बघणार? तू त्यांच्याकडे बघत होतास, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "बठ्ठा पोऱ्या गुजरातमा गयात. आठे आम्ही दोनच जन." इथे आता दोघंच, हे ती सहज म्हणाली. तूर कशी आहे ते सांगावं, तसं.

नाना, मी वावर विकत नाही. उद्या दादाला तेच सांगणार आहे. तो चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, मग वहिनी फोन करील. शिरपूरच्या एका ठेकेदाराकडे लाइनचं काम आहे, मोटारसायकलवरून जाऊन येता येतं. इथला हिशोब झाला की निघतो.

पण तुझ्या झोपडीत नाही राहणार. रागावू नकोस. सागाच्या आडचं आभाळ मोठं आहे, मला माहीत आहे. मी खाली, नाल्याच्या काठाला खोली बांधतो. खुमसिंगदादाच्या अंगणातून माझं दार दिसेल आणि माझ्या दारातून त्याचं अंगण. आभाळ तिथेही आहे. रेलकीबाई विहिरीवर जाते ती वाट दारावरूनच जाते, ती वाटही तशीच राहील. पुढे कोणी पोरगी म्हणाली की मला हे चालेल, तर तिला दाखवीन. नाही म्हणाली तर नाही. लग्नासाठी घर आणि घरासाठी लग्न, असं मला नाही जमणार.

एक भीती आहे, तीही सांगतो. माझा पाय एका जागी ठरत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? दोन वर्षांनी पुन्हा एखादी तार बोलावील आणि मी पिशवी भरीन. म्हणून मी तुला जन्मभर तिथेच राहण्याचं वचन देत नाही. खोटं पडेल.

वचन देतो ते एवढंच. कुठेही निघालो, डोंगरावर दोन दिवस असो की परराज्यात सहा महिने, आधी नाला ओलांडून त्यांच्या ओट्यावर जाईन आणि सांगेन, मी निघालो, अमक्या दिवशी येतो, तोवर तुमच्याकडे बघायला अमका येईल. न सांगता मी कुठेही जाणार नाही, नाना.

तुझा,
पोऱ्या