फोटो आधी, तारीख मागून

१३ जुलै
अमोलला नवीन खूळ. आमच्या लग्नाची तारीख नाही, पण लग्नाच्या अल्बमात चारी ऋतू हवेत. एक पावसाळ्यातला फोटो, एक कापूस फुटल्यावर, एक थंडीतला, एक पळसाखाली. त्याच्या पुण्याच्या कंपनीत कोणीतरी तसं केलंय म्हणे. फोनवर नुसतं हेच.
मी विचारलं, आणि तारीख?
"परमनंटचं पत्र येऊ दे ना. मंग काय, कोणतीही तारीख चालते आपल्याले."
तेच तर झालंय. आम्ही बौद्ध, मुहूर्त पाहत नाही. कोणत्याही रविवारी बुद्धवंदना घेतली की लग्न लागतं. शेजारच्या काकूंच्या मुलीला मोजके मुहूर्त निघाले होते, त्यातला एक धरावाच लागला. आम्हाला अख्खं वर्ष मोकळं, म्हणून एकही दिवस धरला जात नाही. साखरपुड्यानंतरचा हा दुसरा पावसाळा. आई तोंडाने काही म्हणत नाही, माझ्या अंगठीकडे बघते आणि भाजी चिरते.
हो म्हणाले. निदान फोटोसाठी तरी येईल.

२७ जुलै
दुकान सुटल्यावर शकीलभाईंच्या स्टुडिओत. चिखलीत आमच्या सगळ्या पाहुण्यांची लग्नं यांनीच काढलीत. चार ऋतू ऐकून आधी हसले, मग कागद घेऊन बसले. माणूस पिकांवरून हिशेब करतो.
"सोयाबीन आत्ता काढा. सप्टेंबरात पिवळं पडते, मंग फोटो बिमार दिसतो."
मी कृषी केंद्रात काउंटरला असते, हे मलाही कळतं. मी फक्त एवढंच सांगितलं की फवारणी झालेल्या शेतात मी पाय ठेवणार नाही. ते म्हणाले, "बहन, तुम्ही नवरी आहे का इन्स्पेक्टर?"
पाऊस, कापूस, थंडी, पळस. कागदावर छान दिसतं. अ. खूश. (अमोल, अमोल किती लिहू. इथून पुढे अ.)

३ ऑगस्ट
अ. ट्रॅव्हल्सने सकाळी उतरला, डोळे लाल, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. सोयाबीन हिरवंगार. पाऊस नाही! आठवडाभर पडून आजच दडी. शकीलभाईंनी शेतमालकाचा फवारणीचा पंप आणला, म्हणे वरून पाणी उडवतो. मी नोझलचा वास घेतला. तणनाशक.
"धुतलेला हाय ना!"
"मला शिकवू नका. मी विकते हे."
शेवटी दुकानातून नवा पंप आणवला. पंपाच्या पावसात भिजलो दोघं. अ.ने माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि स्वतः भिजत राहिला, ते फोटोसाठी नव्हतं, शकीलभाई तेव्हा लेन्स पुसत होते. इतकं बरं वाटलं की काय सांगू.
संध्याकाळी स्टँडवर तारखेचं काढलं. "पाहू ना, सुजाता." गाडी लागली. गेला.

१९ सप्टें.
काही नाही. अळीचं औषध, अळीचं औषध, अळीचं औषध. अ.चा एक मेसेज: कापूस कधी फुटणार? माझी आठवण नाही, कापसाची.

२ नोव्हेंबर
कापूस. पांढऱ्या साडीची कल्पना माझीच, म्हणून कोणाला बोल लावता येत नाही. लग्नासाठी घेऊन ठेवलीये, वर्षभर कपाटात. म्हटलं कापसात पांढरी साडी, काय दिसेल! आई कुरकुरली, "लग्नाची साडी आधी नेसते काय कोणी?" ऐकलं नाही.
शेतात उभी राहिले तर मी दिसेचना. पांढऱ्यात पांढरं. अ.चा कुर्ताही पांढरा. वेचणाऱ्या बाया खो खो हसायला लागल्या. एक म्हणाली, "नवरी कुठी हाय व? नुसतं मुंडकंच दिसून राह्यलं."
मग शकीलभाईंनी गावातून गुलाबाचे हार मागवले. लाल हार गळ्यात, तेव्हा कुठे आम्ही उठून दिसलो. एकमेकांना घालतानाही काढले. बायांनी टाळ्या वाजवल्या. अ. माझा हार नीट करत राहिला. मी त्याचा. कोणी हसलं नाही त्या वेळी.

४ नोव्हें.
अ.ने हारातला फोटो स्टेटसला ठेवला. पांढरी साडी, गळ्यात हार, आमच्यात लग्नात हेच. आमच्या लोकांनी दुसरं काय समजायचं?
सकाळी वरवट बकालहून मामाचा फोन. "सुजे! माह्याबिगर लगन लावून घेतलं? मामा मेला काय तुहा?" आईने फोन घेतला, आई समजावतेय, मामा ओरडतोय, आई रडतेय. मी डबा घेऊन दुकानात निघून आले.
दुकानात एक ओळखीचे काका म्हणाले, अभिनंदन ताई. मी म्हटलं, थँक्यू.
हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. मी नाही म्हटलं नाही. आणखी दोघांना थँक्यू म्हटलं. दुपारपर्यंत मी लग्न झालेली बाई होते आणि मला ते आवडलं. फार आवडलं.
जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर अ.ने खाली लिहिलेलं: "अरे नुसतं शूट आहे, लग्न कुठे!" पुढे हसणाऱ्या तोंडांची रांग.
गोदामात खताच्या पोत्यांमागे जाऊन रडले. खरं तेच लिहिलं त्याने. तरी ती तोंडं कशाला?

१६ नोव्हें.
मामा स्वतः आला. आधी पाणीसुद्धा घेईना. मोबाइलवर सगळे फोटो दाखवले, पंपाचा पाऊस ऐकून हसला, मग चहा घेतला.
"पयले फोटो अन् मागून लगन. असं उफराटं काऊन बाप्पा?"
मग मलकापूरला अ.च्या बाबांना फोन, स्पीकरवर. ते म्हणाले, पोराची नोकरी पक्की होऊ द्या, आमची ना नाही. मामा म्हणाला, हो नाही अन् ना नाही, मंग हाय काय?
जाताना मामाने मला ओट्यावर बोलावलं. "तुले हा पोरगा पायजे का नाही, एवढं सांग. बाकीचं मी पायतो."
"हाव," म्हटलं.
इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. मग इतकी चिडते कशाला त्याच्यावर? चिडतेच.

२१ डिसें.
शकीलभाईंचा निरोप: हरभरा बरा आहे, धुकं पडलं की कळवतो. अ. म्हणतो रजा बघतो. मी स्वेटर विणायला घेतला, उसवला. आईचं डोकं खाल्लं दिवसभर. कपाट आवरलं, पुन्हा पसरलं.

११ जानेवारी
थंडीचे झाले. धुकं नाहीच, शेकोटीचा धूर केला. हरभऱ्याच्या कडेला एक शाल दोघांत. अ. वाळलाय. विचारलं तर "मेसचं जेवण". शकीलभाई बॅटरी बदलायला गाडीकडे गेले तेव्हा शालीतच बोलला.
परमनंट झाला नाही. पुन्हा कॉन्ट्रॅक्ट. डिसेंबरातच कळलं होतं.
"मला का नाही सांगितलं?"
"सांगून काय करतं तू?"
मी शाल ओढून घेतली. मग म्हणाला, "कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं कार्ड पिवळं असते. गेटवर कार्ड पाहून बोलतेत लोक. फोटोत माह्या गळ्यात ते नसते. फोटोत मी बरा दिसतो, सुजाता."
इतका वेळ मला वाटत होतं याला लग्नाची हौस नाही, फोटोंचीच आहे. तसं नाही ते. त्याला तो फोटोतला नवरदेव व्हायचंय आणि मगच लग्न करायचंय. दया आली, आणि दयेच्या मागोमाग असा संताप आला.
"मग कार्डासकट कर ना लग्न. मी कार्ड बघून हो म्हटलं होतं का?"
तो हरभऱ्याचे घाटे तोडत बसला. तेवढ्यात शकीलभाई आले. आम्ही दोन दिशांना तोंडं करून बसलेलो. "बस, ऐसेच रहो! एकदम नॅचरल!"
तोच फोटो सगळ्यात चांगला आलाय. आईला दाखवला नाही.

२५ जाने.
चार दिवस फोन नाही. मीही केला नाही. आज केला. दोघांनी हवापाणी विचारलं. चिखलीत थंडी कमी, पुण्यात जास्त.

१ मार्च
बुलढाण्याच्या रस्त्याला पळस पेटलाय. शकीलभाईंचा फोन, "आठ-दहा दिवसांत सगळी फुलं खाली येतील, बहन. पळस काही आपल्यासाठी थांबत नाही." अ.ला कळवलं. रजा टाकतो म्हणाला.

८ मार्च
आला नाही. रजा नाकारली. मी तयार होऊन बसले होते, केसांत गजरा वगैरे. शकीलभाई म्हणाले एकटीचे काढू का. नको म्हटलं. एकटीने पळसाखाली काय करायचं?
संध्याकाळी अ.चा फोन. आवाज मोकळा. "टेन्शन कायले घेतं? पळसाचे पुढच्या वर्षी काढू. पावसाचेही पुन्हा काढू, ते पंपाचं पाणी ओळखू येते."
पुढच्या वर्षी!
सहज म्हणाला. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. मी फोन ठेवला. आणखी एक फेरी. सोयाबीन, कापूस, हरभरा, पळस, आणि मी दर वेळी नवीन साडी नेसून उभी. अल्बम जाड होईल फक्त.

१५ मार्च
विहारात जाऊन ३ मे सांगून आले. रविवार, मोकळा होता. सोबत आईला नेलं नाही. घरी येऊन सांगितलं तर आईने विळी बाजूला सारली. "पोरीनं तारीख धरली म्हनतीन लोक."
"म्हणू दे. पोराने धरली नाही म्हणून धरली."
मामाला फोन केला. "नवरदेवाले इचारलं?"
"विचारून विचारूनच इथवर आलो ना मामा."
मामा म्हणाला, "येतो मी. मलकापूरवाल्यायले मीच सांगतो." जेवले नाही. उद्या अ.ला सांगायचं.

१७ मार्च
काल धीर झाला नाही. आज सांगितलं. अ. आधी म्हणाला, "मे? एवढ्या उन्हात? फोटोत घामच घाम दिसन." मग त्यालाच कळलं आपण काय बोललो ते.
मी म्हटलं, "तीन तारखेला मी विहारात बसलेली असेन. तू ये. कार्ड घालून ये, काढून ये, पण ये. आणि यायचं नसेल तर आत्ता सांग, मी सहन करेन. पाहू म्हणू नको फक्त."
त्याच्या मागे मशीनचा आवाज येत होता.
"सुपरवायझर बोलवून राह्यला," म्हणाला. ठेवला.
निदान पाहू म्हणाला नाही. हे चांगलं की वाईट?

१२ एप्रिल
त्याच्या घरून होकार. त्याचे बाबा, आई, बहीण, सगळे येणार. त्याच्याकडून मेसेज येतात: जेवली का, ऊन फार आहे का. तीन तारखेचं अक्षर नाही. मीही काढत नाही. एकदा बोलून झालंय. पण दर वेळी फोन वाजला की हातातलं बियाण्याचं पाकीट खाली पडतं. आज दुकानाचे मालक म्हणाले, सुजाताताई, जरा आत जाऊन बसता का.

२ मे
घर भरलं. मामा कालच आला, मंडपवाल्याशी भांडून घेतलं, आता कुलरपुढे बसलाय. मलकापूरहून त्याच्या बहिणीचा फोन, आम्ही सकाळी जीपने निघतो. आणि दादा? "दादाचा फोन लागून नाही राह्यला, वहिनी. पुण्याहून निघाला असन." असन.
वहिनी म्हणाली पण.
काल दुपारी त्याचा मेसेज आला होता, "शिफ्ट बदलून मागितली आहे." मिळाली की नाही ते नाही. त्यानंतर फोन बंद. भिंतीला टेकून बसले की वाटतं येईल, उठून फिरायला लागले की वाटतं नाही येणार, म्हणून टेकूनच बसलेय.
संध्याकाळी शकीलभाई जागा बघायला विहारात गेले होते, तिथून फोन केला. उन्हाळ्यातला प्रकाश कडक, सकाळीच उरकू, नवरदेव-नवरीला कुठे उभं करायचं, पहिला फोटो कोणता घ्यायचा.
म्हटलं, पहिला दाराकडे तोंड करून लावा कॅमेरा. तो येताना दिसला की काढा, थांबवू नका त्याला, केस नीट कर म्हणू नका.
"अन् बहन, समजा..."
म्हटलं, तर मग कॅमेरा माझ्याकडे वळवा. पण मला हसायला सांगू नका.