इथल्या दुकानात मी पोती फोडली

ती. आईस,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आमच्या कंपनीचं इथलं नवं किराणा दुकान हुबेहूब आपल्या गावच्या दुकानासारखं मांडलंय, सगळा माल मोठ्या पोत्यांत, पण गिऱ्हाईक फिरकत नाही. दुपारभर गाणी वाजतात आणि मी पाण्याखाली चालल्यासारखी हिंडते.

काल घरमालकीणबाई आल्या. म्हणाल्या, "अगं, आम्ही पायी येतो. साखरेचं एवढं पोतं घेऊन जिने कोण चढणार?"

गावाकडच्या आमच्या साहेबांना फोन करून हे सांगितलं, तर म्हणाले, "इकडे खपतं, तिकडेही खपेल."

आज न विचारताच पोती फोडून पुड्या बांधल्या. संध्याकाळी दुकानात बायकांचा कलकलाट! स्वप्नातच असल्यासारखं वाटलं.

बाबांचा गुडघा कसा आहे? साहेबांनी काढून टाकलं, तर घरीच येईन. तेव्हा रागावशील की हसशील, खरं सांग.

तुझीच,
धाकटी