शुक्रवारची सही

स्मोल्यान,
१४ सप्टेंबर

प्रिय स्तान्का,

बरी आहेस ना? इकडे घरोघरी मिरच्या भाजणं सुरू झालंय, डोळे चुरचुरतात. मी यंदा दोनच बरण्या भरल्या. अंगात त्राण नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला आले नाही, तुला राग आला असेल. निघाले होते. तुमच्या दारावर मेतोदीच्या निधनाचा फोटोवाला कागद चिकटवलेला पाहिला आणि फाटकातूनच परत फिरले.

लाकडाच्या कारखान्यात अकरा वर्षं मी सुरक्षेचं काम बघते. रोज सकाळी माणसं जमवायची, कुठलं यंत्र बिघडलंय ते सांगायचं आणि वहीत सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. तुझ्या नवऱ्याला, मेतोदीला, याचा कंटाळा. सोमवारीच म्हणायचा, "आठवड्याच्या सह्या एकदम घे ना बाई. रोज तेच पुराण कोण ऐकणार?" सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि घ्यायचे. थकले होते गं.

त्या मंगळवारी संध्याकाळी मोठ्या करवतीचं थांबवायचं बटण बिघडलं. मला कळलं होतं. बुधवारी सकाळी सांगणार होते. पण सह्या झालेल्या, त्यामुळे कुणी जमलंच नाही, आणि मी कॉफी घेऊन बसले. साडेआठला करवतीकडून आरडाओरडा ऐकू आला.

दफनाच्या वेळी तू विचारलंस, "रुमेना, खरंच त्याचाच हलगर्जीपणा होता का?" मी नुसता तुझा हात धरला. मालक चौकशीत तेच सांगताहेत: सूचना दिली होती, त्याची सही आहे. परवा मला म्हणाले, "वही नवी लिहून काढा बाई. सह्या बुधवारपर्यंतच्याच. बाकीचे करतील, त्याची तेवढी तुम्ही करा. इतकी वर्षं बघताय, जमेल तुम्हाला."

मी पेन हातात घेतलं होतं. हेही तुला कळायला हवं.

आज सकाळी जुनी वही कामगार निरीक्षकांकडे देऊन आले. नोकरी जाईल, खटलाही होईल. तुला सही ओळखायला बोलावतील, म्हणून त्या पानाची प्रत सोबत पाठवतेय. गुरुवार बघ, शुक्रवार बघ. बुधवारी गेलेल्या माणसाची सही दोन्ही दिवशी आहे, त्याच्या त्या लांब शेपटीसकट.

माफ कर असं म्हणायला तोंड नाही. मुलींना मात्र सांग, त्यांचा बाप बेफिकीर नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगायचं जिचं काम होतं ती,
रुमेना