तळ्यातली अनंत कासवं

जीवशास्त्र प्रयोगशाळा, दुसरा मजला
सोमवार, चांद्र तिसऱ्या महिन्याचा अठ्ठाविसावा दिवस

तीर्थरूप सू-चिन आत्यांना,

जिंग-रूचा नमस्कार. तुमचा गुडघा, आतोबांचा रक्तदाब आणि गच्चीतल्या पेरूच्या कुंड्या, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. माझी प्रकृती ठीक आहे. वजन दोन किलोने उतरलं, त्याचं कारण पुढे येईल. एकाच गावात राहून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाही, आणि मोबाइलवर काही विचारलं तर उत्तरादाखल कमळाचं चित्र येतं. (शुक्रवारी संध्याकाळी मी तुम्हाला 'आत्या, तुम्ही हे काय केलंत?' एवढंच विचारलं होतं. त्यालाही कमळच आलं. गुलाबी, खाली 'मन शांत ठेवा'.) तेव्हा हे पत्र कृपया शेवटपर्यंत वाचावं, आणि जीवमुक्ती मंडळाच्या बायकांसमोर मोठ्याने वाचू नये.

माझी परिस्थिती तुम्हाला ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहिते, म्हणजे पुढचं कळेल. मी या शाळेत तीन वर्षं कंत्राटावर जीवशास्त्र शिकवते. जुलैअखेर मला सोडतात आणि ऑगस्टमध्ये परत धरतात. ताइवानभर कंत्राटी शिक्षकांचं हेच चालतं, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही. या वर्षी मात्र जीवशास्त्राची एक जागा कायम होणार आहे. एकच. उमेदवार दोन: मी, आणि शहरातून आलेले एक गृहस्थ. निवड समितीसमोर दोघांनीही एकेक पाठ घ्यायचा होता. त्या गृहस्थांनी वर्गात पुठ्ठ्याची अन्नसाखळी टांगली. मी त्यांना मनात हसले होते. आता वाटतं, पुठ्ठ्याची कासवं निदान कोणी पकडून नेत नाही आणि कोणी आणून सोडतही नाही.

मी पाठासाठी शाळेमागचं तळं निवडलं. तळ्यातली सगळी कासवं मोजता येत नाहीत, म्हणून त्यांची संख्या काढायची एक सोपी रीत अकरावीच्या पुस्तकात आहे. काही कासवं पकडायची, पाठीवर खूण करायची, सोडून द्यायची. काही दिवसांनी पुन्हा पकडायची आणि त्यांत खुणेची किती सापडली ते पाहायचं. खुणेची पुष्कळ सापडली तर एकूण कासवं थोडी, खुणेची थोडी सापडली तर एकूण पुष्कळ. पहिल्या वेळी खूण केलेली गुणिले दुसऱ्या वेळी पकडलेली, भागिले त्यांतली खुणेची. झालं. यात अट एकच: मधल्या काळात तळ्यात बाहेरून कोणी यायचं नाही आणि तळ्यातून कोणी जायचं नाही. ही अट मी मुलांना फळ्यावर दोनदा अधोरेखित करून शिकवली. तुम्हाला शिकवायची राहिली, ही माझी चूक.

या महिन्याच्या दहाव्या दिवशी आम्ही कोंबडीच्या काळजाचं आमिष लावून पिंजऱ्यांत चाळीस कासवं धरली आणि त्यांच्या पाठीवर एक ते चाळीस आकडे घातले. (रंग म्हणून नखांचं पॉलिश वापरलं. ते वान-निंगच्या मोठ्या बहिणीचं होतं. वान-निंग ही माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिचं तोंड तिच्या बुद्धीच्या एक पाऊल पुढे चालतं.) चौदाव्या दिवशी छत्तीस धरली, त्यांत बारा खुणेची निघाली. म्हणजे तळ्यात एकूण एकशे वीस. आकडा इतका नेटका आला की मी तो वहीत लिहून वर तारीख घातली, आणि त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला. पंधरावा दिवस, पौर्णिमा, तुमच्या मंडळाचा विकतचे जीव पुण्यासाठी पाण्यात सोडण्याचा होता. सतराव्या दिवशी आम्ही पुन्हा पिंजरे लावले तर बेचाळीस कासवांत खुणेची दोन. चाळीस गुणिले बेचाळीस भागिले दोन: आठशे चाळीस. तीन दिवसांत एकशे विसाची आठशे चाळीस कासवं झाली. कासव वर्षाकाठी थोडीशी अंडी घालतं आणि त्यांतली बरीच मुंगसाच्या पोटात जातात. मी तीन वेळा गुणाकार तपासला. गुणाकार बरोबर होता.

तुमच्यावर मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण तुम्ही मागे मला वचन दिलं होतं की मंडळ आता कासवं नदीवर सोडेल. (ते वचन देताना तुम्ही असंही म्हणालात, 'तुझ्या पुस्तकातल्या कासवाला पुण्य लागत नसेल, बाळ. माझ्या कासवाला लागतं.' त्यातला दुसरा भाग मी ऐकला नाही, हीही माझी चूक.) तुमच्या शेजारणीकडून आता कळलं की नदी लांब पडते, आणि तुमचा गुडघा. एकंदर साठ कासवं तुम्ही माझ्या तळ्यात सोडलीत. त्यांतली बहुतेक लाल कानपट्टीची, शेतात वाढवलेली परदेशी जात. ती आपल्या पट्टेदार मानेच्या कासवांचं अन्न खातात आणि त्यांच्या उन्हाच्या जागा बळकावतात. तुम्ही साठ जीव वाचवलेत. त्यांनी किती उपाशी ठेवले, ते मोजायची रीत तुम्हीच बिघडवलीत.

आता शुक्रवार. तळ्याकाठी लिचीच्या झाडाखाली समितीच्या तीन खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष छ्यू बाई, त्यांच्या उजवीकडे आमचे मुख्याध्यापक ल्याओ सर, तिसरे गृहस्थ पूर्ण वेळ अंगावरून मुंग्या झटकत होते. पिंजरे वर आले. वान-निंगने कासवं मोजली आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, 'पकडलेली एकतीस. खुणेची शून्य.' मग मी थांबवायच्या आत ती फळ्याकडे गेली.

'चाळीस गुणिले एकतीस, भागिले शून्य. बाई, कासवं अनंत आहेत.'

छ्यू बाईंनी तळ्याकडे पाहिलं. तळं बास्केटबॉलच्या मैदानाच्या तिप्पट असेल. 'अनंत? इथे?'

'भरपूर आहेत, असं तिला म्हणायचंय,' ल्याओ सर म्हणाले.

(शून्याने भागलं तर उत्तर अनंत येत नाही, उत्तर ठरवताच येत नाही. पण हे त्या क्षणी सांगून काही वाचणार नव्हतं.) मी पाठ सावरायचा प्रयत्न केला. मुलांना विचारलं, खुणेची कासवं नाहीशी का झाली असतील? विचार करा. वान-निंगला विचार करावा लागला नाही. 'देवळामागे कासवं विकणारा त्साई मालक नेतो ना, बाई. त्याचेही पिंजरे असतात इथे. आपल्या चाळिसांना कळलंय की पिंजऱ्यात काळीज मिळतं, ती आपण होऊन आत जातात. भित्री तेवढी मागे राहतात. असंच चाललं तर काही पिढ्यांनी तळ्यात नुसती भित्री कासवं उरतील.' आत्या, निवड आणि उत्क्रांतीवरचं इतकं नेमकं उत्तर मला तीन वर्षांत कोणी दिलं नव्हतं. त्साईचे पिंजरे सगळ्या गावाला माहीत होते, फक्त जीवशास्त्र विभागाला नव्हते, हे बाजूला ठेवू. ती तिथेच थांबली असती तर मला आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण छ्यू बाईंनी कौतुकाने तिच्याकडे आणखी एक उदाहरण मागितलं, आणि ती म्हणाली, 'आमच्या शाळेतले शिक्षक. चांगले असतात ते दर जुलैत जातात.'

ल्याओ सरांना खोकला आला. तो बराच वेळ गेला नाही.

त्या खोकल्यातच वान-निंगने एक कासव उचलून उलटसुलट केलं. 'बाई, याच्यावर खूण आहे. पण आपली नाही.'

आत्या, तुम्ही देवळाच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून तो लाल रंग आणलात हे मला त्याच क्षणी कळलं. तसा चकचकीत लाल दुसरा नाही. छ्यू बाईंनी चष्मा लावला, कासव हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं: 'को जिंग-रूला कायम नोकरी मिळो.' मग एकतीसही कासवं पुन्हा तपासली गेली. (हे मी नाही, समितीने केलं. समितीला त्या दिवशी पहिल्यांदाच पाठात रस वाटला.) अशी पाच निघाली. रंगाच्या जुनेपणावरून त्यांचा क्रमही लागला. सगळ्यात जुन्यावर 'मिळो', दोघांवर 'यंदा तरी मिळो', आणि दोन ताज्यांवर 'आता पुरे, देऊन टाका.'

छ्यू बाईंनी ते क्रमाने वाचलं. मुंग्या झटकणारे गृहस्थ झटकायचे थांबले.

'को जिंग-रू म्हणजे तुम्हीच ना?'

'हो.'

'हे तुम्ही लिहिलंत?'

'नाही. माझ्या आत्याने.'

'आणि हे असं बाहेरून तळ्यात येणं, याला तुमच्या विषयात काय म्हणतात?'

'आवक,' मी म्हणाले.

वान-निंगने विचारलं, ही पाच खुणेत धरायची का? धरली असती तर उत्तर दोनशे अठ्ठेचाळीस आलं असतं, सभ्य आकडा. मी नाही म्हणाले. खूण आपली नाही, तारीख माहीत नाही, मूळ संख्या माहीत नाही. त्या दिवशी मी एवढी एकच गोष्ट बरोबर केली, आणि ती कोणाला दिसली नाही. समितीने निर्णय पुढे ढकलला. येत्या गुरुवारी पाठ पुन्हा. छ्यू बाई जाताना म्हणाल्या, 'आकडा या वेळी मोजण्यासारखा असू दे.'

शनिवारी सकाळी मी देवळामागच्या बाजारात त्साई मालकाच्या दुकानी गेले. त्याच्या टबांत माझी चौतीस कासवं होती, गुलाबी आकड्यांसकट. त्याला लाज वगैरे वाटली नाही. 'बाई, तुमच्या पोरांचे उपकार झाले,' तो म्हणाला. 'आधी कासव म्हणजे कासव. आता गिऱ्हाईक नंबर मागतं. आठ, अठरा, अठ्ठावीस हे शुभ आकडे तुमच्या आत्याच्या मंडळाने कधीच राखून ठेवलेत.' त्यांतली चार, चौदा, चोवीस आणि चौतीस कोपऱ्यात एका फुटक्या घमेल्यात बसली होती. आपल्या भाषेत 'चार' म्हटलं की 'मरण' ऐकू येतं, त्यामुळे ती कोणी पुण्यासाठीसुद्धा नेत नाही. मी म्हणाले, तुम्ही पकडता, आत्या सोडते, तुम्ही परत पकडता, याला मुक्ती म्हणायचं का? 'का नाही?' तो म्हणाला. 'बाकीच्यांना एकदाच मिळते. माझ्याकडे दर पंधरवड्याला मिळते.' दर जुलैला मलाही मिळते.

तर विनंती अशी. परवा, बुधवारी, नव्या महिन्याचा पहिला दिवस आहे. मंडळाने त्या दिवशी तळ्यात काहीही सोडू नये. मासा नाही, गोगलगाय नाही, कासव तर नाहीच. आणि यापुढे कोणत्याही प्राण्याच्या पाठीवर माझं नाव लिहू नये. मी शिक्षिका आहे, आणि माझं जे काही व्हायचं ते कागदावर व्हावं. हे मी रागाने लिहीत नाही. राग शुक्रवारी होता. आता फक्त वहीत एकशे वीस, आठशे चाळीस आणि एक रिकामी जागा अशा तीन ओळी आहेत, आणि मी त्यांच्याकडे बघते.

आतोबांना नमस्कार, पेरूंना पाणी.

तुमची भाची,
को जिंग-रू
(कंत्राटी)

ता. क. वरची विनंती रद्द समजावी. मी पुन्हा हिशेब मांडून पाहिला. खुणेची कासवं तळ्यात परत गेल्याशिवाय गुरुवारी उत्तर येणार नाही, आणि मी ती नेऊन सोडली तर त्साई गावभर सांगेल. मंडळ सोडतंच, त्याचं कोणाला नवल वाटणार नाही. तेव्हा बुधवारी दुपारच्या आत त्याच्याकडची नंबरची तीस कासवं, सगळीच्या सगळी, माझ्याच तळ्यात सोडावीत. दुसरं एकही नको. महिन्याच्या पहिल्या दिवशी त्साई शाकाहारी असतो आणि जीव धरत नाही, त्यामुळे रात्र सुखरूप जाईल. रीत म्हणून हे चूक आहे. कासवांना तळ्यात मिसळायला एक रात्र पुरत नाही. मला माहीत आहे. गुरुवारी समितीलाही मीच सांगणार आहे, उत्तर फळ्यावर लिहून झाल्यावर.

दुसरं ता. क. 'मिळो' लिहिलेलं सगळ्यात जुनं कासव शुक्रवारी तळ्यात परत सोडण्याआधी मी मोजलं. पाठीवरची अक्षरं तीन वर्षांत एकमेकांपासून अकरा मिलिमीटर लांब गेली आहेत. 'को' आणि 'जिंग' यांच्यामध्ये आता नवीन कवच आहे. कासव निरोगी आहे. हे तुम्हाला कळावं असं वाटलं, कारण काही नाही.

तिसरं ता. क. चार, चौदा, चोवीस आणि चौतीस मंडळाच्या बायका नेणार नाहीत, म्हणून मी विकत घेतली. ती प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये आहेत. बुधवारी ती मलाच सोडावी लागतील. सोडताना तुम्ही जे म्हणता ते किती वेळा म्हणायचं असतं? वहीत नोंद करायची आहे म्हणून विचारते. आणि ज्याच्यासाठी सोडायचं त्याचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं, की मनात घेतलं तरी पोचतं?